धुरीची वेळ

“आग! अहो, आग लागली!” पेडणेकर वहिनींचा आवाज खिडकीतून आला तेव्हा मी बाजेवर उताणी पडले होते आणि बाजेखाली शेगडी होती. म्हणजे आग होती हे खरं, पण ती सासूबाईंच्या देखरेखीखाली होती.

पाठोपाठ दारावर थापा पडल्या. सासूबाई, म्हणजे आक्का, बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं करत होत्या. ते पूर्ण सारखं झाल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर पेडणेकर वहिनी होत्या. त्यांच्या मागे वसाहतीचा वॉचमन, हातात वाळूची लाल बादली घेऊन.

“काय झालं?” आक्कांनी विचारलं.

“धूर येतोय तुमच्या खिडकीतून!”

“येनारच. धुरी दिलीया.”

“एवढी?”

“बाळंतीन हाय घरात.”

वहिनींनी आत डोकावून पाहिलं. त्यांना मी दिसले नसणार, कारण मला त्या दिसत नव्हत्या. वॉचमननं विचारलं, “मग या वाळूचं काय करू?”

“ठिव हितंच. भांडी घासाय व्हईल.”

सरकारी वाळू होती. तरी त्यानं ठेवली. आक्कांनी सांगितलं की लोक करत.

हे सत्त्याऐंशी सालचं. माझा नवरा श्रीरंग धरणाच्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर होता आणि आम्ही पाटबंधाऱ्याच्या वसाहतीत राहायचो. दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, शेजारी पेडणेकर. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. पण माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, आणि माहेरी उरलेल्या दोन पुरुषांना चहासुद्धा धड करता येत नव्हता. म्हणून आक्का गावाहून आल्या. उंच, काटक, नऊवारीतल्या. बोलणं तारेतल्यासारखं, एक शब्द जास्त नाही. मला त्यांची भीती वाटायची.

आल्या त्या एक गाठोडं घेऊन. स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांनी त्यातल्या पुरचुंड्या मांडल्या. ओवा, बाळंतशोपा, वेखंड, लसणीची वाळलेली सालं, कडुलिंबाचा पाला, आणि एका मोठ्या पुडीत ऊद. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं.

“ऊद कशाला, आक्का?”

“केसाला. न्हाल्यावर वल्या केसाला धुरी दिली की बरं वाटतं. सांजच्याला घरात बी फिरवायचा. पावनं येऊन गेलं की फिरवायचा.”

“पाहुणे गेल्यावर कशाला?”

“ते पावन्यावर हाय.”

“आणि कडुलिंब?”

“डासाला. गोठ्यात. धान्य भरायच्या आदी कनगीला.”

“मग यातलं माझ्यासाठी काय?”

आक्कांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “तुला समदंच,” त्या म्हणाल्या.

माझं नेमकं काय बिनसलं होतं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मुलगी चांगली होती. वजन चांगलं, जावळ दाट, रडणं माफक. येणारा प्रत्येक जण तिला पाहून हसायचा. मला मात्र ती लांबच्या गावाहून आलेल्या पाहुणीसारखी वाटायची. तिची काही चूक नव्हती, पण ती परत कधी जाणार हे कुणी सांगत नव्हतं. मी तिला पाजायची, लंगोट बदलायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. भिंतीला सरकारी पिवळा रंग होता. बारशाला श्रीरंगनं ऋजुता हे नाव सुचवलं. मी म्हटलं, चालेल. त्यानं दुसरं काहीही सुचवलं असतं तरी चाललं असतं.

रडायची मात्र सोय नव्हती. दवाखान्यातून घरी आल्या आल्या एकदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा पेडणेकर वहिनी घाबऱ्या झाल्या. “छे छे, बाळंतिणीनं रडायचं नसतं हं! दूध नासतं. आणि मुलगी म्हणजे लक्ष्मीच. पुढच्या वेळी होईल मुलगा.”

संध्याकाळी श्रीरंग माझ्याजवळ येऊन बसला. “वैजू, मुलगी झाली म्हणून वाईट वाटतंय का तुला? मला तर अजिबात नाही वाटत.” हे खरंच होतं. मुलगी झाली की बर्फी वाटायची रीत मोडून त्यानं अख्ख्या सेक्शनला पेढे वाटले होते.

“मलाही नाही वाटत,” मी म्हटलं.

“मग झालं तर,” तो म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं.

त्यानंतर मी रडणं बंद केलं. मी कशासाठीही रडले असते तरी त्याचं उत्तर लोकांकडे तयार होतं.

तर त्या वाळूच्या बादलीच्या दुसऱ्या दिवशी डॉ. शहापूरकर घरी आल्या. वसाहतीच्या दवाखान्यात त्या एकट्याच डॉक्टर. वहिनींनी त्यांना सांगितलं असणार. त्यांनी ऋजुताला तपासलं. तिला बारीक खोकला होता.

“बाळाला धुरी अजिबात द्यायची नाही,” त्या आक्कांना म्हणाल्या. “एवढीशी फुप्फुसं असतात त्यांची. पूर्वी देत असतील, पण ते चूकच.”

मला वाटलं, आता इथं रण माजणार.

“बरं,” आक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुढची चार वाक्यं तयार ठेवली असावीत. ती त्यांना गिळावी लागली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही कशा आहात? झोप लागते?”

“लागते.”

“मन प्रसन्न?”

“हो.”

आक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मला वाटलं, संपलं धुरीचं प्रकरण. पण दुसऱ्या दिवशी न्हाणं झाल्यावर आक्कांनी ऋजुताला दुपट्यात गुंडाळलं आणि थेट पेडणेकर वहिनींच्या हातात नेऊन दिलं. “घ्या वाईच,” एवढंच म्हणाल्या. वहिनींना त्याहून जास्त काही नको होतं. मग आक्का परत आल्या, खिडकी लावली, वरचा झरोका तेवढा उघडा ठेवला, आणि शेगडी आत आणली.

“आक्का, डॉक्टर नाही म्हणाल्यात ना?”

“लेकराला न्हाय म्हनल्या. तुला कुटं म्हनल्या?”

“मलाही त्रास होतो धुराचा.”

“व्हऊ दे.”

त्यांनी निखाऱ्यांवर ऊद टाकला. तो वास मला आवडायचा, हे मी कबूल केलं असतं. पण त्यावर त्यांनी कडुलिंबाचा ओला पाला ठेवला, तेव्हा असा धूर निघाला की डोळ्यांत कुणी तिखट टाकावं.

“हे कशाला?”

“डास.”

“भर दुपारी?”

“सांजच्याला येत्याल,” असं म्हणून त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

त्या बाहेर पायरीवर बसायच्या. मला आतून त्यांचा आवाज ऐकू यायचा. कुणी आलं की, “आत जाऊ नगा. धुरी चाललीया.” एकदा श्रीरंग कामावरून नकाशे न्यायला आला, तर त्यालाही त्यांनी परत पाठवला. तो साइटवर नकाशाशिवाय गेला. मधूनमधून त्या दाराबाहेरूनच विचारायच्या, “हाईस न्हवं?”

“आहे,” मी आतून म्हणायची.

पहिल्या दिवशी मला नुसता राग आला. लाकूड, ओला पाला, अर्धवट ज्वलन, त्यातून निघणारे वायू, सगळं मला पाठ होतं आणि त्यातलं काहीही बाळंतिणीला उपयोगी नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं. दुसऱ्या दिवशी तेच. पण मग एक गोष्ट ध्यानात आली. पाला जळून जायचा, धूर झरोक्यातून निघून जायचा, खोलीत फक्त उदाचा मंद वास उरायचा, तरी डोळ्यांतलं पाणी थांबायचं नाही. मग हुंदके यायचे. मी त्याचा दोष शेगडीला दिला.

दार उघडलं की वहिनी ऋजुताला घेऊन हजर. “अगंबाई, डोळे केवढे लाल झालेत!”

“धूर हुता,” आक्का म्हणायच्या.

रोज असं चाललं. मी तत्त्वतः धुरीच्या विरोधात होते. पण सकाळपासून माझे कान चिमट्याच्या आवाजाकडे लागायला लागले होते, हेही खरं.

मग ती दुपार आली. ऋजुता झोपली होती. आक्का मागच्या बाजूला कपडे धूत होत्या. मी उठले, डोक्याला रुमाल बांधला, चपला घातल्या आणि दार लोटून बाहेर पडले. पर्स घेतली नाही. काही ठरवलं होतं असं नाही. वसाहतीच्या फाटकाबाहेर एसटीचा थांबा होता. तिथं बाकावर जाऊन बसले. समोरून दगडांचे डंपर जात होते. प्रत्येक डंपर गेला की धूळ बसेपर्यंत मी वाट पाहायची, मग पुढच्याची.

बऱ्याच वेळानं शेजारी कुणीतरी बसलं. आक्का. लुगड्याचा काठ ओला होता, हातांना साबण होता.

“कंची गाडी?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“मग यील ती,” त्या म्हणाल्या आणि हात पदराला पुसले.

आम्ही बसून राहिलो. जरा वेळानं आक्का आपणच म्हणाल्या, “वहिनीकडं हाय. निजलीया.” मी विचारलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं.

गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं. “कुठं जायचं, मावशी?”

“कुटं चाललीया ही?”

“पाटण.”

आक्का माझ्याकडे वळल्या. “पाटनला हाय का कोन आपलं?”

“नाही.”

“न्हाय,” त्यांनी कंडक्टरला सांगितलं. त्यानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि घंटी ओढली. गाडी गेली. तिचीही धूळ बसली.

“अजून हाय का एकादी?”

“संध्याकाळी आहे. कराडची.”

आक्कांनी त्यावर विचार केला. “कराडला माजी भन हाय. पर तिच्याकडं नगं. लई बोलती.”

पुन्हा दोन-तीन डंपर गेले. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. “चल. धुरीची येळ झाली.”

मी उठले. का उठले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. धुरीची वेळ ठरलेली होती. बाकी कशाचीच नव्हती.

त्या दिवशी शेगडी पेटवल्यावर आक्का बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी आतून कडी लावली आणि माझ्या बाजेसमोर भिंतीला टेकून बसल्या. ऊद टाकला, पाला टाकला. धूर उठला. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या पुसत नव्हत्या.

“आक्का, तुम्ही बाहेर बसा. धूर लागतोय तुम्हाला.”

“लागू दे.”

मग, भाजी काय करायची हे सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, “श्रीरंगच्या आदी एक हुता.”

“एक काय?”

“ल्योक. थोरला. बसाय लागला हुता. ताप आला आनि गेला.”

मला हे माहीत नव्हतं. श्रीरंगलाही माहीत नसावं. त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

“घरात तवा धाकल्या दिराचं लगीन निघाल्यालं. मांडव पडला हुता. समदी म्हनली, लगीनघरात रडायचं न्हाय. इपरीत हुतं.”

“मग?”

“मग काय. माजी सासू लई खाष्ट. सरळ शब्द न्हाय तोंडात. मला म्हनली, चल, कनग्यांस्नी धुरी द्यायची हाय. मला घिऊन आतल्या खोलीत गेली आन दार लावलं. कनग्या रिकाम्या हुत्या. सुगीला लई अवकाश हुता.” त्यांनी चिमट्यानं पाला खाली दाबला. “लगीन हुईस्तवर रोज आमी दोगी रिकाम्या कनग्यांस्नी धुरी देत हुतो. तिनं काय इचारलं न्हाय, मी काय सांगितलं न्हाय. भाईर आल्यावर कुनी म्हनलं, डोळं का लाल? तर धूर हुता.”

शेगडीत पाला तडतडत होता. मी त्या शेगडीकडे पाहिलं, लावलेल्या खिडकीकडे पाहिलं, दाराच्या कडीकडे पाहिलं.

“म्हणजे ही धुरी…”

“दुपारी डास नसत्यात,” आक्का म्हणाल्या.

मग मी रडले. त्याआधीही रोज रडतच होते, पण हे वेगळं होतं. आवाज काढून, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसं. आक्का उठून जवळ आल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. त्यांनी अजून थोडा पाला टाकला.

“आक्का,” मी कसंबसं म्हटलं, “मला तिचं काहीच वाटत नाही.”

“कुनाचं?”

“ऋजुताचं.”

हे वाक्य मी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. मला वाटलं, आता या उठतील, मुलीला घेतील आणि गावाला निघून जातील. त्यांचं काही चुकलं नसतं. आक्कांनी शेगडीतले निखारे सारखे केले.

“यील,” त्या म्हणाल्या.

“नाही आलं तर?”

“तवर मी हाय.”

बाहेर वहिनींनी दार वाजवलं. ऋजुता उठली होती, भुकेली होती. “थांबा वाईच,” आक्का ओरडल्या, आणि आवाज खाली घेऊन मला म्हणाल्या, “त्या डाक्टरनीनं इचारलं तवा तू खोटं बोललीस. उद्या जाऊन खरं सांग.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“बाजंची कुरकुर रातभर ऐकतीया मी. निजल्याल्या मानसाची बाज कुरकुरत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, झोप लागते का. मी म्हटलं, “नाही. झोप नाही, भूक नाही. बाळाबद्दल काही वाटत नाही. काल मी घर सोडून थांब्यावर जाऊन बसले होते.” डॉ. शहापूरकरांनी पेन खाली ठेवलं आणि उठून दार लावलं. त्या म्हणाल्या, हे होतं. पुष्कळ बायकांना होतं, त्या सांगत नाहीत, म्हणून कुणाला होत नाही असं वाटतं. याला औषध आहे. त्यांनी साताऱ्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. जाता जाता त्यांनी धुरीचंही विचारलं.

“अजून चालू आहे?”

“फक्त मला,” मी म्हटलं.

“तीही बंद करा. बंद खोलीत निखारे चांगले नव्हेत. आणि या आजाराला धुरीनं गुण येतो असं कुठंही लिहिलेलं नाही.”

मी म्हटलं, माहीत आहे. आक्का म्हणाल्या, “बरं.” आणि शेगडी त्या दिवसापासून खरोखरच बंद झाली. ऊद तेवढा संध्याकाळी घरात फिरायचा, दारं-खिडक्या उघड्या टाकून.

गोळ्या मी बरेच महिने घेतल्या आणि आक्का तितके महिने राहिल्या. ऋजुताबद्दल मला जे वाटायचं होतं ते एका दिवशी उगवलं नाही. ती बसायला शिकत असताना एकदा चटईवरून बाजूला कलंडली, आणि मी स्वयंपाकघरातून धावत आले. तिच्याजवळ पोचल्यावर मला कळलं की मी धावले होते. हातात पिठाचा उंडा तसाच होता. मागून आक्का आल्या, त्यांनी दोघींकडे पाहिलं, उंडा माझ्या हातातून काढून घेतला आणि पोळी लाटायला गेल्या.

पण ते सगळं नंतर. दवाखान्यातून आलो त्या दिवशी संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

श्रीरंग साइटवरून आला. डोक्यावर हेल्मेट, बुटांना सिमेंट. मी बाजेवर बसले होते. शेजारी ऋजुता झोपली होती. खोलीतली हवा अगदी स्वच्छ होती.

“अहो,” मी म्हटलं, “मला रडायचंय. आणि मुलगी झाली म्हणून नाही.”

तो दारातच थांबला. “मग कशासाठी?”

“मला नीट माहीत नाही. आईसाठी असेल. उगीचही असेल. पण तुम्ही काही सांगू नका मला. नुसते बसा.”

त्यानं हेल्मेट काढलं. ते कुठं ठेवावं हे त्याला सुचेना, म्हणून हातातच धरलं. मग तो खिडकीकडे गेला. पेडणेकर वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या.

“राहू दे उघडी,” मी म्हटलं.

त्यानं ती उघडीच ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसला. मी रडले. डोळ्यांत खुपणारं काही नव्हतं, दाराला कडी नव्हती. अंगणातला सुपाचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात ऋजुता उठली आणि तिनंही गळा काढला. श्रीरंगनं हेल्मेट खाली ठेवून तिला मांडीवर घेतलं आणि तो आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला काही म्हणायचं होतं, पण मी नको सांगितलं होतं, म्हणून तो म्हणाला नाही.

आतून आक्कांनी विचारलं, “भाकरी वाढू का थांबू?”

श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं.

“थांब जरा, आक्का,” तो म्हणाला.

आत तवा उतरवल्याचा आवाज आला.